झोपाळ्याच्या फळीतून अंगठी: जुन्या लाकडाची लग्नाची अंगठी घरी कशी घडवायची

मी केलेली पहिली अंगठी अकरा दिवस टिकली. नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला जायची होती. चावी द्यायच्या आदल्या आठवड्यात झोपाळा उतरवला, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, याची अंगठी होईल का रे साखरपुड्याला?" मी उत्साहात फळीचा कोपरा कापला, ड्रिलनं भोक पाडलं, बाहेरून कानशीनं गोल केलं आणि घासून चकचकीत केलं. दिसायला झकास झाली. बाराव्या दिवशी भाची जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन निघाली, पिशवीचे बंद बोटांत अडकवले आणि अंगठीचे दोन तुकडे कांद्यांवर जाऊन पडले.

ते तुकडे घेऊन मी ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एक तुकडा अंगठ्याच्या नखानं दाबला, तर तोही मोडला. "काका, फळीला भोक पाडून अंगठी होत नाही. लाकडाची रेषा सरळ चाललीय आणि अंगठी गोल. दोन जागी रेषा आडवी येते, तिथं मोडणारच." मग रंध्याखाली पडलेला एक लांब कुरळा ढलपा उचलून त्यांनी माझ्याच बोटाभोवती गुंडाळला. "रेषा बोटाभोवती फिरली पाहिजे."

पुढची सगळी कृती त्या ढलप्यातून आली आहे. लाकडाची पातळ पट्टी रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं काढायची, उकळत्या पाण्यात मऊ करायची, गोल वळवायची आणि थरावर थर चिकटवत अंगठी उभी करायची. हे काम मी आता सहा-सात वेळा केलंय. भाचीची आणि तिच्या नवऱ्याची जोडी त्यातली चौथी. पहिल्या तिनांत जे चुकलं, तेही त्या त्या जागी सांगतोच.

लाकूड कुठलं घ्यावं

आठवण कशाशी जोडलेली आहे हे तुमचं तुम्ही ठरवा. मात्र त्या वस्तूचं लाकूड अंगठीला चालतं का, ते आधी तपासा. ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीकडच्या जुन्या इमारती आणि वाशीकडची जुनी सिडकोची घरं रोज कुठे ना कुठे पाडली जाताहेत. दाराच्या चौकटी, खिडक्यांची झडपं, देव्हारे, पाट, फडताळं सगळं भंगारात जातं. तुमच्या घराचं काही हवं असेल तर चावी द्यायच्या आधी काढून घ्या. नंतर आतल्या सामानावर तुमचा हक्क राहीलच असं नाही, आणि राहिला तरी पाडकामाच्या धुळीत तुमचीच चौकट कोणती हे ओळखता येत नाही.

जुन्या घरात बहुतेक वेळा सागवान मिळतं. ते टिकाऊ आहे, रंग सुंदर आहे, पण दोन खोड्या आहेत. एक, त्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. दुसरी, त्यात वाळूसारखी बारीक सिलिका असते, त्यामुळे करवतीची आणि रंध्याची धार लवकर जाते. दोन्हींवर उपाय आहेत. शिसव काळसर, घट्ट आणि देखणं. जुनी लाटणी पुष्कळदा शिसवाची असतात, आणि खरं सांगायचं तर अंगठीसाठी लाटण्यासारखी वस्तू नाही. रेषा दांड्याच्या लांबीला सरळ असते, आणि तीस वर्षं पोळ्या लाटून लाटून ते लाकूड चांगलं मुरलेलं असतं. फणसाचा पाट असेल तर पिवळा रंग मिळेल, तो वर्षानुवर्षं गडद होत जातो. क्रिकेटच्या बॅटचं विलो हलकं आणि लवचीक, वळवायला सर्वांत सोपं, पण एकटं वापरलं तर दबतं. ते आतल्या थराला घ्या.

गोल पोळपाट दिसायला मोठा वाटतो, पण लांब रेषा फक्त मधोमध मिळते. कडेकडेच्या पट्ट्या आखूड निघतात. फळीत गाठ असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं चार बोटं लाकूड सोडून द्या, कारण तिथं रेषा वळसा घेते.

आता काय घेऊ नये. प्लायवूड आणि भुशाचा बोर्ड सरळ बाजूला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, म्हणून रेल्वे आपल्याला घरची वाटते, आणि जुन्या स्लीपरची अंगठी करावी असं कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतंच. माझ्याही आलं होतं. पण लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांत क्रिओसोट मुरवत असत. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं हे तेल लाकडात खोलवर जातं आणि त्वचेला घातक असतं. वरून कितीही घासलं तरी आतून निघत नाही. स्लीपरचं बाक करून अंगणात ठेवा, बोटात नको.

कोळीवाड्यात, चेंदणीला किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात, कुणाच्या घरी होडीची फळी जपलेली असते. ती चालेल, पण पाण्याखालच्या भागाची नको. तिथं शेवाळं आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला रंग विषारीच असतो. रंगवलेल्या खिडक्या-दारांचंही तसंच. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं किती होतं याचा काही भरवसा नाही. म्हणून जुना रंग पॉलिश पेपरनं घासू नका, धूळ छातीत जाते. रंगाची बाजू करवतीनं पाच-सहा मिलिमीटर कापून टाका आणि आतलं लाकूड वापरा.

कापण्याआधी लोहचुंबक फिरवा. जुन्या लाकडात मोडलेले खिळे लपलेले असतात आणि एक खिळा मिस्त्रींचं पातं खाऊन टाकतो. मग पुढच्या वेळी ते तुमचं लाकूड हातात घेत नाहीत. खिळा काढल्यावर त्याभोवती निळा-काळा डाग दिसेल. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य एकत्र आल्यानं तो पडतो. लाकूड तिथं ठिसूळ झालेलं नसेल तर तो डाग टाकू नका. भाचीच्या अंगठीवर असा एक काळा ओघळ आहे, आणि सगळे विचारतात ते त्याबद्दलच.

घरातल्या मोठ्यांचा प्रश्न इथंच उरकून घेतो. आमच्या आत्यानं ऐकल्याबरोबर कपाळाला आठ्या घातल्या: "लाकूड शेवटीच लागतं बोटाला." मी तिला पूजेतलं पवित्रक आठवून दिलं. दर्भाची अंगठी अनामिकेत घातल्याशिवाय भटजी संकल्प सोडू देत नाहीत, ती काय सोन्याची असते? आणि वारकऱ्याची तुळशीची माळ म्हणजे लाकूडच, घामात, आंघोळीत, चंद्रभागेत रोज गळ्यात. आत्या गप्प झाली, पटलं असं नाही म्हणाली. साखरपुड्याला सोन्याच्या अंगठ्याही झाल्याच. लाकडाच्या दुसऱ्या हातात. कुणाशी भांडायची गरज नाही.

माप

सोन्याची अंगठी घट्ट झाली तर सोनार वाढवून देतो. लाकडाची वाढत नाही. त्यामुळे मापावर जितका वेळ घालाल तितका कमीच.

सोनाराकडे जाऊन नंबर घ्या, तोही संध्याकाळी. सकाळी बोटं बारीक असतात, आणि आपल्याकडच्या उकाड्यात दुपारनंतर फुगतात. वेगवेगळ्या दोन दिवशी मोजलं तर उत्तम. आपल्याकडच्या नंबरात ४० मिळवले की अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मिळतो. १४ नंबर म्हणजे ५४ मिलिमीटर घेर. ३.१४ नं भागलं की आतला व्यास १७.२ मिलिमीटर.

ज्या दांड्यावर अंगठी गुंडाळायची, तो मात्र १७.५ चा घ्या. आतून चढणारे फिनिशचे, म्हणजे शेवटच्या चकचकीत लेपाचे, थर ती जागा खातात. माझी दुसरी अंगठी याच हिशेबात फसली, बोटाच्या पेरावर अडकली ती खाली उतरेना. नेमक्या व्यासाचा दांडा बाजारात मिळत नाही, त्यामुळे पान्यांच्या सेटमधला त्याहून जरा बारीक सॉकेट घ्या आणि खाकी पॅकिंग टेप गुंडाळत व्हर्नियरवर, म्हणजे मिलिमीटरचे भाग मोजणाऱ्या मापकावर, १७.५ भरेपर्यंत जा. टेपचा आणखी एक उपयोग आहे, अंगठी दांड्याला चिकटून बसत नाही.

बायकांच्या अंगठीची रुंदी ५ ते ६ मिलिमीटर, पुरुषांची ७ ते ८. पट्टी त्याहून दोन मिलिमीटर जास्त रुंद कापा, कडा घासण्यात जातात.

पट्टी काढणं

हवी आहे ०.६ मिलिमीटर जाडीची पट्टी, म्हणजे जाड लग्नपत्रिकेइतकी. अशा पट्टीचे चार वेढे घेतले की भिंत २.४ मिलिमीटर होते. ती घासून २.२ च्या आसपास उतरते. याहून पातळ अंगठी टिकत नाही, याहून जाड असेल तर शेजारची बोटं कुरकुर करतात.

आम्ही दोन घरांची दोन लाकडं घेतली. आमच्याकडून झोपाळ्याचं सागवान, भाचीच्या नवऱ्याच्या ऐरोलीच्या घरातून त्याच्या आईचं शिसवी लाटणं. लाटण्याला मधे चीर गेली होती, म्हणूनच त्यांनी ते दिलं, नाहीतर दिलं नसतं! प्रत्येक अंगठीत आतले दोन वेढे एका लाकडाचे आणि बाहेरचे दोन दुसऱ्याचे. तिच्या अंगठीत आत सासरचं लाटणं आणि बाहेर आजोळचा झोपाळा, त्याच्या अंगठीत उलट.

लांबीचा हिशेब करून ठेवा. १७.५ च्या दांड्यावर आतल्या दोन वेढ्यांना सुमारे ११.८ सेंटीमीटर लागतात, बाहेरच्या दोघांना सुमारे १३.३. टोकांच्या उतारासाठी दोन-अडीच सेंटीमीटर जोडा. म्हणजे १४ आणि १६ सेंटीमीटरच्या पट्ट्या पुरतात. एकाच लाकडाची अंगठी हवी असेल तर सलग २८ सेंटीमीटरची पट्टी काढा.

आता ती कापायची कशी. हातात कसब असेल तर धार लावलेल्या रंध्यानं लांब ढलपा काढता येतो. माझ्या हातात नाही. मी बँड सॉ, म्हणजे पट्ट्याची यांत्रिक करवत, असलेल्या मिस्त्रींकडून दीड मिलिमीटरच्या पट्ट्या कापून आणतो. रेषा पट्टीच्या लांबीला समांतर आहे ना, हे पेन्सिलीनं खूण करून त्यांना दाखवा, नाहीतर ते फळीच्या कडेला समांतर कापतात, आणि फळीची कड रेषेला समांतर असतेच असं नाही. मग सपाट काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर (नंबर लहान तितका खरखरीत) चिकटवायचा, पट्टी त्यावर ठेवून वरून लाकडी ठोकळ्यानं दाबत पुढे-मागे घासायची. दर मिनिटाला उलटायची, दर पाच मिनिटांनी व्हर्नियर लावायचा. कंटाळवाणं काम आहे. एका पट्टीला अर्धा तास सहज जातो. शिसवाची धूळ काहींच्या अंगावर पुरळ उठवते आणि सागवानाचीही उठवू शकते, म्हणून एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. गॅलरीत बसा. बेडरूममध्ये बसलो होतो, त्याचं घरात काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

एका अंगठीला दोन लागत असतील तर पट्ट्या सहा करा. मोडतात.

शेवटी पट्टीच्या दोन्ही टोकांना शेवटच्या दोन सेंटीमीटरमध्ये उतार द्या, टोक कागदासारखं पातळ होईपर्यंत. हा उतार नसेल तर अंगठीच्या आत एक पायरी राहते आणि ती बोटाला रोज टोचते.

उकळणं आणि वळवणं

उष्णतेनं लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मऊ होतं, म्हणून लाकूड वळतं. ताजं लाकूड पटकन वळतं. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं हट्टी असतं, आणि आपलं काम नेमकं त्याच्याशी. घाई केलीत की 'टच' असा आवाज येतो.

चहाच्या जुन्या पातेल्यात पाणी उकळवा, पट्ट्या टाका, वर ताटली ठेवा म्हणजे तरंगणार नाहीत. पंधरा मिनिटं. जुन्या सागवानाला मी वीस मिनिटं देतो. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, पण ते पातेलं पुन्हा चहाला वापरू नका.

चिमट्यानं एक पट्टी बाहेर काढा आणि लगेच, तीन-चार सेकंदांत, १५ मिलिमीटरच्या दांड्याभोवती गुंडाळायला लागा. दांडा १७.५ चा नको. सुकल्यावर पट्टी थोडी उलगडते, त्यामुळे आधी जरा जास्तच वळवून ठेवायची. अंगठ्यानं पट्टीच्या बाहेरच्या बाजूवर सतत दाब ठेवा, कारण तंतू तुटतात ते बाहेरच. मधेच पट्टी कडक लागली तर जबरदस्ती करू नका, पुन्हा पाण्यात. दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण वळते. तरीही मोडत असेल तर जाडी ०.५ वर आणा. वेढे पाच घ्या, लांबी मात्र त्या हिशेबानं वाढेल.

वळलेली पट्टी दांड्यावर कागदी चिकटपट्टीनं बांधून ठेवा. हिवाळ्यात एक दिवस पुरतो. पावसाळ्यात तीन दिवस लागतात, आणि तरी मी हेअर ड्रायर मारतो. ओल राहिली तर पुढचं सगळं वाया.

चिकटवणं

गोंद पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा. थरांमधल्या फटीत तो आपोआप ओढला जातो, हाच त्याचा गुण. आधी काळजीचं सांगतो. नायट्राइल हातमोजे घाला. सुती मोजे किंवा सुती फडकं या गोंदाजवळ आणू नका, सुतावर हा गोंद सांडला की झपाट्यानं तापतो, धूर येतो आणि कातडी भाजते. वाफेनं डोळे चुरचुरतात. पंखा तोंडावर नको, पाठीमागून हवा जाऊ द्या.

सागवानाची पट्टी असेल तर चिकटवण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी दोन्ही बाजूंनी ॲसिटोननं पुसून घ्या. वरचं तेल निघतं. आदल्या दिवशी पुसून ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं. लाटण्यातही वर्षानुवर्षांचं तेल-तूप मुरलेलं असतं, त्यालाही हेच.

आतल्या पट्टीचं उताराचं टोक दांड्यावर ठेवा. पट्टी स्वतःवर यायला लागली की तिथं गोंदाचा एक थेंब, पंधरा सेकंद घट्ट दाबून धरा. मग पाव वेढा पुढे, एक थेंब, दाब. पाव वेढा, थेंब, दाब. हे सैल सोडू नका. अंगठीची सगळी ताकद थर एकमेकांना किती चिकटलेत त्यात आहे. पहिली पट्टी संपते तिथेच दुसरीचा उतार पहिलीच्या उतारावर चढवा, म्हणजे जोड जाड होत नाही. पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंनी कडांवर दोन-दोन थेंब सोडा. फट असेल तर गोंद आत ओढला जाताना दिसतो. ओढला जाणं थांबेपर्यंत सोडत राहा.

एक रात्र तशीच ठेवा. सकाळी पिळून दांड्यावरून काढा. अडकली तर टेपसकट निघते, मग आतला टेप सोलायचा. हातात येते तेव्हा ती दिसायला अगदीच भिकार असते, गोंदाचे ओघळ, तिरक्या कडा. भाचीनं या अवस्थेत पाहिली आणि "छान आहे" म्हणाली, तो आवाज मला कळतो.

आकार

८० नंबरचा पेपर काचेवर, अंगठी आडवी ठेवून आठच्या आकड्यात फिरवा, दोन्ही कडा सपाट होतील. मग ड्रिल मशीन शिकंज्यात आडवं पकडा, त्यात लाकडी दांडा, दांड्यावर अंगठी घट्ट बसेल इतका टेप. कमी वेगावर फिरवत १२० नं बाहेरची बाजू गोल करा, मग २२०, मग ४००. आतली बाजू पेन्सिलीला पेपर गुंडाळून हातानं. आतल्या दोन्ही कडा जरा गोल करा. अंगठी सहज चढते-उतरते ती यामुळेच.

पितळेची रेघ हवी असेल तर ती आता. झोपाळ्याच्या कड्या पितळी होत्या. त्यातली एक कडी मी पांढऱ्या कागदावर कानशीनं घासली, चिमूटभर कीस जमायला वीस मिनिटं लागली. त्यावरून चुंबक फिरवा, कानशीचे पोलादाचे कण त्यात येतात आणि ते राहिले तर पुढे गंजतात. ड्रिलवर फिरणाऱ्या अंगठीला बारीक चौकोनी कानस टेकवून १.५ मिलिमीटर रुंद, ०.८ मिलिमीटर खोल खाच पाडा. बाहेरचे दोन वेढे मिळून १.२ मिलिमीटर आहेत, त्यामुळे ती आतल्या लाकडापर्यंत जात नाही. कीस खाचेत दाबून भरा, वर गोंदाचा थेंब. बसला की पुन्हा कीस, पुन्हा थेंब, जरा वर येईपर्यंत. मग घासून सपाट. सोनाराच्या तारेसारखी अखंड सोनेरी रेघ येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ती दाणेदार दिसते, मधेमधे काळे ठिपके. मला तीच आवडते.

पितळ नको असेल तर खाच १.३ मिलिमीटर खोल करा. सागवानाखालून शिसवाची काळी रेघ वर येते. भाचीच्या नवऱ्याच्या अंगठीत असं उलटं केलंय, काळ्यावर तपकिरी.

फिनिश

तेल आणि मेण लावलेली अंगठी हाताला सर्वांत छान लागते, पण पाण्यापुढे टिकत नाही. जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळी पसरून वाळवा. लाखेचं पॉलिशही सुंदर दिसतं, पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि पुष्कळांच्या पर्समध्ये सॅनिटायझर असतं. म्हणून रोजच्या वापराच्या अंगठीला मी पुन्हा त्याच पातळ गोंदाचे थर देतो.

पॉलिथिनच्या पिशवीच्या तुकड्यावर दोन थेंब घ्या, अंगठी हळू फिरवत एकच पातळ फेरी. पुन्हा त्याच जागी फिरवू नका, ओघळ उठतो. पंधरा मिनिटं थांबा. बाहेरून दहा-बारा थर, आतून पाच-सहा, आणि कडांवर विसरू नका. पाणी आत शिरतं ते कडेनं. सागवानाची छिद्रं मोठी असतात, पहिल्या तीन थरांत ती भरत नाहीत. ६०० नं घासा, धूळ छिद्रांत बसू द्या, वर थर द्या. तीन-चार थरांनंतर एकदा असं केलं की पृष्ठभाग काचेसारखा होतो. शेवटी १०००, १५००, २००० पाण्यासकट, आणि गाडीच्या पॉलिशचा एक हात.

पावसाळ्यात हे काम करणार असाल तर थांबा. माझी तिसरी अंगठी जुलैमध्ये केली. दमट हवेत हा गोंद फार पटकन बसतो आणि वर पांढरी भुकटी धरतो, जणू अंगठीला बुरशी आली. सगळे थर घासून काढावे लागले. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतरचा होता म्हणून निभावलं. पुढची अंगठी एसी लावून, खिडक्या बंद करून केली, पण तेव्हा वाफेमुळे दर थराला खोलीबाहेर जावं लागलं. जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा.

शेवटच्या थरानंतर तीन दिवस तरी बोटात घालू नका.

वापर

भांडी घासताना, पोहताना, जिममध्ये काढून ठेवायची. हात धुणं, पावसात भिजणं, पोळ्यांची कणीक मळणं चालतं. गरम तव्याजवळ नको. नखांचं पॉलिश काढायच्या आधी मात्र न चुकता काढायची, ते काढायच्या द्रावणात पुष्कळदा ॲसिटोन असतं आणि ते हे फिनिश विरघळवतं. ही एकच गोष्ट भाचीला मी तीनदा सांगितली, चौथ्यांदा तिनं मलाच सांगितली.

फिनिशला ओरखडे पडले तर ६०० नं हलकं घासून दोन थर द्या, अर्ध्या तासाचं काम. कड पांढरट दिसू लागली की तिथून पाणी शिरतंय असं समजा आणि दोन-तीन दिवस सुकवून कडेला गोंद सोडा. रोज हातानं जड काम करणाऱ्याला मी आधीच सांगतो, सोनाराकडून आत चांदीची पातळ अंगठी करून घे आणि त्यावर लाकूड चढवू.

बोट जाड झालं तर अंगठी नवीनच करावी लागते. म्हणून उरलेल्या पट्ट्या फेकू नका. भाचीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या पट्ट्या, माप केलेला सॉकेट टेपसकट आणि कडीचा उरलेला तुकडा एका स्टीलच्या डब्यात आहे. झाकणावर चिकटपट्टी लावून मी '१४' आणि '२१' एवढंच लिहिलंय. झोपाळ्याची बाकीची फळी नव्या घरात टीव्हीखाली आहे, एका कोपऱ्यात बोटभर कापलेली.